पालखीच्या ढोलाने पाहिलेली वकीलबाई

मित्रांनो, जरा मागे सरून बसा. मी ढोल आहे, आणि हळू आवाजात बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर निघते, तेव्हा तिच्यापुढे मी असतो. आधी माझा आवाज अंगणात पोचतो, मग देव येतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारण्यासारख्या गोष्टी पुढे पुष्कळ आहेत.

माझं अंग शिवणीच्या लाकडाचं. काशीराम नावाच्या कारागिराने एक अख्खं खोड आतून कोरून मला पोकळ केलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं चढवलं आणि सुताच्या दोरीने आवळलं. एका तोंडावर काठी पडते, दुसऱ्यावर तळहात. पहिल्यांदा वाजलो तेव्हा काशीरामच्या अंगणातली कोंबडी घाबरून कौलांवर जाऊन बसली होती, असं म्हणतात. तेव्हापासून मी लवूच्या घरी राहतो, कारण मला सांभाळण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. वर्षभर ओटीवरच्या वाशाला टांगलेला असतो आणि शिमगा आला की खाली उतरतो.

थोडे दिवस वाजायचं आणि बाकीचं वर्ष टांगून राहायचं, म्हणजे घरात काय चाललंय ते बघण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. लवू भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात कामाला होता. त्याची बायको लवकर गेली. धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. त्याची बायको कमळा हिनेच लवूची दोन्ही पोरं वाढवली. थोरला नितेश लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर कामाला लागला. धाकटी योगिनी. माझ्या बरोब्बर खाली ओटीवर एक लाकडी बाक होतं. त्या बाकावर बसून ती पहिलीच्या बाराखडीपासून बी. ए.पर्यंत शिकली. तिचं पाढे म्हणणं, रडणं, पेन्सिल तोंडात धरून विचार करणं, सगळं मी वरून पाहिलेलं आहे.

लहान असताना ती एकदा लवूबरोबर रत्नागिरीच्या कोर्टात गेली होती. दोन शेजाऱ्यांचं गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण होतं आणि लवू साक्षीदार. घरी आली ती उड्या मारतच आली. "काकू, काळा कोट घातलेली एक बाई उठली आणि सगळे गप्प झाले! ती ओरडलीसुद्धा नाही!" मला हे ऐकून थोडा राग आला होता. माझ्यापुढे लोक गप्प होतात ते कानठळ्या बसतात म्हणून. नुसत्या बोलण्याने माणसं गप्प करायची, म्हणजे आमच्यावर कडी झाली! त्या दिवसापासून योगिनीला वकील व्हायचं होतं, आणि १९९८च्या जूनमध्ये तिने रत्नागिरीच्या लॉ कॉलेजात नाव घातलं.

कॉलेज सकाळचं. पहाटेची एसटी पकडून जायची, दुपारच्या आत घरी. जाडजूड पुस्तकांना तिने तपकिरी कव्हरं घातली, त्यावर सुंदर अक्षरात नाव लिहिलं आणि ती बाकाच्या एका टोकाला रचून ठेवली. ती तिथेच राहिली. कारण मित्रांनो, आमच्या कोकणात कुठलंही काम आजपासून सुरू होत नाही, सणापासून सुरू होतं. गोठा बांधायचा, गणपती झाले की. मुलगी बघायला जायचं, दिवाळी झाली की. विहिरीतला गाळ काढायचा, शिमगा झाला की. योगिनी याच मातीतली. "गणपती होऊ देत, मग बसते अभ्यासाला," ती काकूला म्हणायची. गणपती गेले, नवरात्र आलं. दिवाळीत काका जहाजावरून आला. मग वाडीत लग्नं निघाली, मग बागेत मोहोर बघायला पाहुणे आले. पुस्तकांवर माझ्या दोरीचे धागे पडत होते आणि ती फुंकर मारून ते उडवत होती. पोरगी आळशी नव्हती हो. वर्गात लक्ष द्यायची, समजायचंही तिला. पण समजलं म्हणजे झालं, असं तिला वाटायचं, आणि शिमगा अजून लांब होता.

मग शिमगा आला आणि त्यात माझाच निकाल लागला.

त्या वर्षी माझ्या काठीच्या बाजूचं कातडं नवं होतं. नवं कातडं एकदम आवळायचं नसतं. रोज जरा उन्हात ठेवायचं, दोरी थोडीशी ओढायची आणि तसंच राहू द्यायचं. लवूने तसं सुरू केलं होतं. तेवढ्यात नितेश लोट्याहून आला. रजा लहान, उत्साह मोठा.

"बाबा, हा काय मिळमिळीत वाजतोय? वरच्या वाडीचा ढोल ऐका कसा कडाडतोय!"

"कातडं नवं हाय रे. जाऊ देत चार दिवस."

"चार दिवसांनी मी कंपनीत असेन!"

लवू देवळाकडे गेल्यावर नितेशने पाय रोवून, होता नव्हता तेवढा जोर लावून माझ्या दोऱ्या ओढल्या आणि मला गवताच्या जाळावर शेकलं. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी वाजलो तसा आयुष्यात वाजलो नव्हतो. पहिल्या घरी माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. दुसऱ्या घरी पोरं नाचून नाचून थकली. तिसऱ्या घराच्या अंगणात, पालखी टेकायच्या आतच, माझं कातडं मधोमध फाटलं. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती आणि माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. उरलेला शिमगा वरच्या वाडीचा ढोल उसना आणून निभावला. माझ्या पालखीपुढे तो! मला तसाच परत वाशाला टांगला.

"दादा, एवढी कसली घाई होती तुला?" योगिनी नितेशवर भडकली. "थोडं थोडं ओढायला काय झालं होतं?"

आणि पालखी देवळात परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हीच शहाणी बाकावर बसली ती उठेचना. परीक्षा तोंडावर आली होती. वर्षभराचा कायदा तिने एकदम ओढायला घेतला. जेवण बाकावर, चहा बाकावर. झोप येऊ नये म्हणून पाय गार पाण्याच्या बादलीत. करारांचा कायदा वाचता वाचता मध्येच उठून गुन्ह्यांचं पुस्तक उघडायची, ते अर्धं टाकून राज्यघटना. "गो बाय, पड जरा घटकाभर," काकू म्हणायची. "झोप परीक्षेनंतर, काकू." डोळे लाल, ओठ सुकलेले. मी वरून फाटक्या तोंडाने बघत होतो, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

करारांच्या पेपरात पहिला प्रश्न तिला फार चांगला येत होता. तिने तो लिहायला घेतला आणि लिहीतच गेली. पुरवण्या घेतल्या. एकाच प्रश्नात अर्ध्याहून जास्त वेळ गेला. मान वर केली तेव्हा पर्यवेक्षक 'अर्धा तास राहिला' म्हणून सांगत होते. मग उरलेले प्रश्न चार चार ओळींत. पुढच्या पेपरांना तर डोकंच चालेना. वाचलेलं सगळं आहे, पण हाताला लागत नाही, असं ती घरी येऊन काकूच्या मांडीवर डोकं ठेवून सांगत होती. निकाल आला. एक विषय सुटला, बाकी सगळे राहिले.

नितेश रविवारी घरी आला. तो मनाचा वाईट नाही, बहिणीवर जीव आहे त्याचा. पण त्याने सरळच विषय काढला. "बाबा, आमच्या कंपनीच्या ऑफिसात एक जागा आहे. साहेबांशी बोलतो मी. पक्की नोकरी आहे, माझ्या खोलीवर राहील, तिथून कंपनीची बस नेते-आणते. हिला कायदा झेपत नाही, त्यात लाज कसली?"

योगिनी खाली मान घालून बसली होती. लवूने सुपारी कातरली. मग म्हणाला, "ऑक्टोबरात परत परीक्षा हाय म्हणत्ये ती. एक बारी बसू दे. नाय जमलं, तर लोट्याला."

म्हणजे मित्रांनो, काळा कोट की कंपनीची बस, हे एका ऑक्टोबरात ठरणार होतं. मीही फाटका आणि तीही. पावसाळ्यात ओल्या हवेत कातडं चढवत नाहीत, त्यामुळे मला चार महिने तसंच टांगून राहायचं होतं. मला वाटलं, या घरात आता कुणाचाच आवाज उठणार नाही.

कॉलेजात भार्गवी मॅडम म्हणून होत्या. सकाळी शिकवायच्या, अकरानंतर कोर्टात वकिली करायच्या. योगिनी परत पहिल्याच वर्षाच्या वर्गात बसत होती; एक दिवस ती त्यांच्यापुढे जाऊन रडली. मॅडम रडण्याला भीक घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तिला रिकाम्या वर्गात बसवलं, चार प्रश्न दिले आणि म्हणाल्या, "एका तासात चारही लिही." तासाने येऊन पाहतात, तर पहिल्या प्रश्नाची पानंच्या पानं आणि चौथा कोरा.

"योगिनी, तुला येत नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुला थांबता येत नाही. आणि वेळेवर सुरूही करता येत नाही. वर्षभर बसत नाहीस आणि बसलीस की उठत नाहीस. हे उत्तर आणि तुझं वर्ष, दोन्ही सारखीच दिसतायत."

मग त्यांनी सांगितलं ते योगिनीने घरी येऊन काकूला सांगितलं, म्हणून मला कळलं. वर्गात जे झालं ते त्याच दिवशी वाचायचं, उद्यावर टाकायचं नाही. खटला वाचला की पुस्तक मिटायचं आणि काय घडलं, भांडण कशाचं होतं, न्यायाधीश काय म्हणाले आणि का म्हणाले, ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगायचं. रविवारी आठवड्याभराची उजळणी करायची. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या आणि प्रश्नाचा वेळ संपला की वाक्य अर्धं असलं तरी पुढे जायचं. आणि ठरलेला अभ्यास झाला की उठायचं, अगदी वाचावंसं वाटत असलं तरी. "उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे, अशा ठिकाणी थांब," मॅडम म्हणाल्या होत्या.

"कुणाला तरी सांगायचं म्हणजे कुणाला?" योगिनी विचारात पडली. घरात दुसरं होतं कोण! काकू ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती.

"काकू, करार कसा होतो सांगू?"

"सांग गो. कान मोकळेच हायत माझे."

योगिनीने सांगितलं. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, दोघांत मोबदला ठरायचा, म्हणजे करार. काकूने आठळी तशीच हातात धरली.

"म्हणजे बघ. आपली तुळसा काल म्हणाली, कमळाबाय, उद्या खेकडे आणत्ये तुला. मी म्हटलं, आण. नि आज वाटेत दुसऱ्या घरात देऊन मोकळी झालीन. मग हा करार तिने मोडलान की नाय?"

"किंमत ठरली होती?"

"तुळसाशी किंमत ठरवायला बसल्ये तर खेकडे चालत खाडीत परत जातील."

"मग किंमत नाही, म्हणजे करार नाही," योगिनी जोरात म्हणाली.

"असं कसं? माझं लग्न झाल्यापासून ती देत्ये नि मी घेत्ये. बाजारात असेल तो भाव. कधी ठरवला नाय नि कधी भांडलो नाय. तुझा कायदा मोठा की आमची रीत मोठी?"

योगिनीने पुस्तक उघडलं, मागचं पान, पुढचं पान. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून तुळसाचे खेकडे विचारले. आधी वर्ग खो खो हसला. मग मॅडमनी तोच तास खेकड्यांवर घेतला. दोघांच्या नेहमीच्या व्यवहाराला काय महत्त्व असतं, किंमत बोलून ठरली नसेल तर वाजवी किंमत कधी धरतात, माल विकणं म्हणजे काय, सगळं त्या एका टोपलीतून निघालं. योगिनी घरी आली ती पायऱ्यांवरूनच ओरडत, "काकू, तू जिंकलीस! करार धरता येईल!" काकूने पदर खोचला आणि म्हणाली, "मग आता काढू तुळसावर नोटीस?" तुळसाला हे कळलं तेव्हा तिने हसत हसत दोन मोठे खेकडे फुकट आणून दिले.

त्या दिवसापासून आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी कोर्ट भरायला लागलं. फौजदारीतले चोर, राज्यघटनेतले हक्क, दुसऱ्याच्या कुत्र्याने केलेलं नुकसान, सगळं काकूपुढे आलं. काकूला वाटेल ते प्रश्न पडत. कधी उत्तर सापडे, कधी योगिनी "उद्या विचारून सांगते" म्हणे. तोंड नसलं की कान तिखट होतात, मित्रांनो. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत असायचा आणि वर टांगल्या टांगल्या मीही अर्धा कायदा शिकलो. आणि गंमत अशी की अंधार पडायच्या आत पोरगी पुस्तक मिटायची, काकूबरोबर भाकरी थापायची आणि वेळेवर झोपायची. तिच्या गालांवर रंग परत आला.

गणपती आले. घर माणसांनी भरलं. मुंबईची भावंडं, आरत्या, फुगड्या, उकडीचे मोदक. मी मनात म्हटलं, झालं, आता पुस्तकं गौरीबरोबरच बुडणार. पण दुपारची पंगत उठली की योगिनी परसातल्या चिकूखाली जायची, ठरलेलं तेवढं वाचायची आणि परत येऊन फुगडीला उभी राहायची. नितेशला ते काही पटेना.

"एवढासा अभ्यास? परीक्षा महिन्यावर आली, अगं. रात्र रात्र जागायला नको का?"

योगिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "दादा, हा ढोल कुणी फोडला होता?"

सगळी ओटी हसली. नितेशसुद्धा हसला, पण कान लाल झाले त्याचे. मला मात्र इतका आनंद झाला की मला वाजता येत नाही हे क्षणभर मी विसरलोच.

पाऊस सरला. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं तसं लवूने मला खाली काढलं आणि नवं कातडं चढवलं. परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि आता इतके दिवस नीट चाललेली योगिनी परत बिथरली. एका दुपारी जेवण टाळलं. काकूला खटला सांगणं बंद केलं, "वेळ नाही" म्हणाली. संध्याकाळ झाली तरी पुस्तक मिटेना. अंगणात बसून लवू माझी दोरी ओढत होता. एक एक फेरा, हलक्या हाताने. मग बोटाने कातडं टिचकावून बघितलं आणि हात पुसून उठला.

"एवढंच ओढलंत?" योगिनीने बाकावरूनच विचारलं. "जरा जोर लावला असतात तर आजच झालं असतं की."

"झालं असतं," लवू म्हणाला. "पण शिमगा आज नाय." आणि तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

योगिनी माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघितलं. मग तिने पुस्तक मिटलं, काकूच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, भूक लागलीय. जेवता जेवता एक खटला ऐकशील?"

पेपराच्या दिवशी ती रोजच्यासारखी उठली, भाकरी खाऊन एसटीत बसली. करारांचाच पेपर. पहिला प्रश्न पुन्हा तिचा लाडका. "काकू, हात नुसता धावत होता," घरी आल्यावर ती सांगत होती. "एवढं सुचत होतं! पण घड्याळ बघितलं, पेन उचललं आणि पान उलटलं. जीवावर आलं गं. पण दुसऱ्या प्रश्नाला बसले, आणि मग काय, एकामागून एक. शब्द शोधावेच लागले नाहीत, तुला सांगून सांगून सगळं तोंडात बसलं होतं. शेवटचा प्रश्नही पुरा झाला. वर सगळं परत वाचून बघायला वेळ उरला!"

"पास होशील ना?" काकूने विचारलं.

"ते माहीत नाही. पण या वेळी पेपर मी लिहिलाय, पेपराने मला नाही."

निकाल लागला तेव्हा थंडी पडली होती. ती पुलावरच एसटीतून उतरली आणि घरापर्यंत पळत आली. चपला एका हातात, दुसऱ्या हातात कॉलेजातून उतरवून आणलेले गुण. "सगळे सुटले! बाबा, सगळे विषय सुटले!" लवू नारळ सोलत होता. कोयता तसाच खाली पडला. काकूने योगिनीला मिठी मारली, मग पदराने डोळे पुसले, मग परत मिठी मारली. संध्याकाळी शेजारच्या घरच्या फोनवरून नितेशला लोट्याला कळवलं. तो पलीकडून एवढा ओरडला की शेजारी म्हणाले, तुमच्या नितेशला फोनची गरजच काय? त्यानेच साहेबांना सांगितलं, आमची बहीण येणार नाही, ती वकील होणार आहे.

आणि त्या वर्षीचा शिमगा! माझं कातडं नीट बसलेलं, नितेशचा हातही शहाणा झालेला. पहिल्या घरी राखून, मधल्या घरांत चढवत, आणि शेवटच्या घरी पालखी नाचली तेव्हा सगळी ताकद मोकळी सोडून त्याने मला वाजवलं. वरच्या वाडीपर्यंत आवाज गेला. तिकडचा ढोल ऐकत असेलच. ऐकू दे!

पुढचं सांगताना मला थोडी घाई होते, कारण चांगल्या गोष्टी भराभर घडत गेल्या. दुसरं वर्ष ती एका दमात पास झाली. तिसऱ्या वर्षी कॉलेजात पहिल्या दोघांत आली. तिच्या रीतीने अभ्यास करायला वाडीतल्या दोन मुली आमच्या ओटीवर येऊ लागल्या आणि काकूचं कोर्ट भरगच्च झालं. सनद मिळाली, काळा कोट शिवला, आणि योगिनी भार्गवी मॅडमच्या हाताखाली काम करू लागली. पहिल्यांदा ती न्यायाधीशांपुढे एकटी उभी राहिली त्या दिवशी काकू हट्टाने कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसली होती. परत येऊन तिने सगळ्या वाडीला सांगितलं, "ओरडली नाय हो. सावकाश बोलली, एक एक मुद्दा. नि साहेब मान डोलवून लिहून घेत होते. समोरचा वकील काय तो तडतडला! तिने त्याचं बोलून होऊ दिलंन नि मग उठली." मला तेव्हा योगिनीचा हेवा वाटला नाही. अभिमान वाटला, तो मी लपवून ठेवत नाही.

त्यानंतरच्या शिमग्यात पालखी आमच्या दारी आली. दर घरी गावकर, म्हणजे वाडीचे मानकरी, आत्माराम नारळ हातात घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालतात. ज्या घरी पालखी असेल त्या घरच्या कर्त्याचं नाव घेऊन, त्या घराचं भलं कर म्हणून. आमच्या दारी वर्षानुवर्षं ते म्हणत आले, 'लवूच्या घरची सेवा गोड मानून घे.' त्या दिवशी आत्माराम बोलायला लागले. मी नितेशच्या गळ्यात होतो. लवू हात जोडून उभा, काकू दारात, आणि योगिनी कोर्टातून नुकतीच आलेली, पायऱ्यांजवळ.

"बा देवा महाराजा," आत्माराम म्हणाले आणि थांबले. त्यांनी योगिनीकडे बघितलं, मग लवूकडे. लवूने मान हलवली. मग ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आज तुझी पालखी वकील योगिनीच्या दारात आल्ये. ह्या घरची सेवा गोड मानून घे. नि वाडीतल्या सगळ्या लेकींना अशीच बुद्धी नि असाच धीर दे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी एका आवाजात म्हणाली. आमच्या वाडीत गाऱ्हाण्यात मुलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. योगिनी रडत होती आणि हसत होती. नितेशने काठी उचलली, आणि मी असा वाजलो, असा वाजलो की देवसुद्धा दोन पावलं जास्त नाचला असेल.

मित्रांनो, आता आमच्याकडेही शिमग्याला मोठाले स्पीकर येऊ लागले आहेत. काही वाड्यांत माझे भाऊबंद माळ्यावर पडून आहेत, दोऱ्या आवळलेल्या तशाच, कातडी उंदरांनी कुरतडलेली. तुमच्या गावात असा कुणी ढोल असेल तर त्याला खाली काढा. ऊन दाखवा, पुसा, आणि सण संपला की त्याच्या दोऱ्या आठवणीने सैल करा. आणि तुमच्या घरात कुणी मोठ्या परीक्षेला बसत असेल, तर त्याला 'जाग, अजून जाग' म्हणू नका. त्याच्याशेजारी आठळ्या सोलत बसा, आणि विचारा, 'आज काय शिकलास, मला सांग ना.' उत्तर नीट ऐका. समजलं नाही तर भांडा. कोण जाणे, तुमच्याही दारात एक दिवस पालखी थांबेल आणि गाऱ्हाण्यात तुमच्या लेकराचं नाव घेतलं जाईल.